पासिंग ऑफेन्स नक्की कशामुळे चालतो?

मैदानवेडा:
या सीझनपासून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला लागलोय, नियम बऱ्यापैकी कळलेत पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. काही क्वार्टरबॅक (टीमसाठी पास टाकणारे खेळाडू) ६० यार्ड लांब बॉल सहज फेकतात तरी त्यांची टीम रखडते, आणि काही जण नुसते छोटे पास टाकत टचडाउनपर्यंत जातात. मग बघायचं तरी काय?

चौथा_डाउन:
आधी वेळ. आणि तो मिळवून देतात ते क्वार्टरबॅकसमोर डिफेन्सला अडवणारे पाच लाइनमन, ज्यांच्याकडे कोणी बघतच नाही. २००७ च्या सीझनचे पेट्रियट्स घ्या, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे ५० टचडाउन पास, पास झेलायला रँडी मॉससारखा रिसीव्हर, १८ च्या १८ मॅच जिंकलेल्या, आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, जायंट्सनी ब्रेडीला ५ वेळा सॅक केलं, म्हणजे पास सुटायच्या आत पाडलं. १७-१४ ने हरले. क्वार्टरबॅक तोच, रिसीव्हर तेच, फक्त वेळ मिळाला नाही!

रातपाखरू:
लाइनचं पटतं पण बॉल लवकर सुटला तर सॅक होईलच कसा? १९७० मध्ये बेंगल्सच्या क्वार्टरबॅक ग्रेग कुकचा खांदा गेलेला, त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरचा हात काही तोफ नव्हता पण पास अचूक, म्हणून टीमचे असिस्टंट कोच बिल वॉल्शनी त्याच्यासाठी छोट्या पासचा खेळ बसवला आणि पुढे फोर्टीनाइनर्समध्ये क्वार्टरबॅक जो माँटानाला घेऊन त्याच्यावर सुपर बोल जिंकले. यात सगळं टायमिंग आहे, क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावलं मागे जातो आणि शेवटचं पाऊल टेकलं की बॉल सुटतो, तेव्हा कधीकधी रिसीव्हर अजून वळलेलासुद्धा नसतो. मला तर ६० यार्डांच्या बॉलपेक्षा हे जास्त सुंदर वाटतं.

चौथा_डाउन:
मान्य, पण लांब पासची भीतीच नसेल तर डिफेन्स पुढे सरकतो आणि छोट्या पासला जागाच उरत नाही. म्हणून लांब फेकणारा हात असावा लागतोच, रोज वापरला नाही तरी.

मैदानवेडा:
आणि ते रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) बॉल दिल्यासारखं करून स्वतःकडेच ठेवतात, ते कशासाठी?

रातपाखरू:
तो प्ले ॲक्शन. रन आहे समजून लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या रांगेमागे उभे असणारे) दोन पावलं पुढे येतात आणि त्यांच्या पाठीमागे जी जागा पडते तिथेच पास जातो. पुढच्या मॅचला स्नॅप झाला, म्हणजे बॉल क्वार्टरबॅककडे आला की बॉल सोडून लाइनबॅकरचे पाय बघा, पास कुठे जाणार ते बऱ्याचदा आधीच कळेल.