मदत हवी आहे: पीजीची (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाची) शाखा निवडताना पगार आणि कामाचे तास कसे तोलायचे?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता घरातल्या चर्चेतून काही निष्पन्न होईना म्हणून लिहितेय.

एमबीबीएस झालंय, सध्या मुंबईतच बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेत) आहे आणि नीट पीजी या प्रवेश परीक्षेचा निकाल हातात आहे. रँक ना धड वर, ना धड खाली. मुंबईत रेडिओलॉजी किंवा स्किन मिळणं अशक्यच दिसतंय. अॅनेस्थेशिया, पेडिअॅट्रिक्स, गायनॅक, सर्जरी यातलं काहीतरी मिळेल. मुंबई सोडायची तयारी ठेवली तर मेडिसिनही बसेल. चॉइस भरायची मुदत जवळ आलीय.

बाबांचं म्हणणं, रेडिओलॉजी नसेल तर वर्षभर थांब आणि परत परीक्षा दे, कारण 'एसीत बसून काम आणि पैसा रग्गड'. मावशीच्या मते मुलीच्या जातीला गायनॅक बरं. अमेरिकेतल्या मावसभावाने तिथली पगाराची यादी पाठवली, त्यात ऑर्थोपेडिक्सवाले सगळ्यात वर आणि बालरोगवाले पार तळाला. ती यादी आमच्या फॅमिली ग्रुपवर आता वेदवाक्य झालीय.

रेसिडेन्सीच्या, म्हणजे पीजी करत हॉस्पिटलात काम करण्याच्या, तीन वर्षांत पगाराची तुलना करण्यात काही अर्थ नाही एवढं मला कळतं. एकाच कॉलेजात सर्जरीच्या हाऊसमनला (निवासी डॉक्टरला) आणि पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, हाऊसमनला स्टायपेंड सारखाच. तास मात्र अजिबात सारखे नाहीत. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२३ च्या पीजीच्या नियमावलीत आकडाच नाही, नुसतं 'वाजवी तास'. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ ची शिफारस केली. इंटर्नशिपमध्ये आमच्या सर्जरी युनिटची हाऊसमन इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिस्चार्ज कार्ड लिहीत बसली होती. लिहिता लिहिता डोळा लागला आणि पेशंटच्या नावापासून कागदाच्या कडेपर्यंत पेनाची एक लांब रेघ ओढली गेली. मी कार्ड बदलून दिलं, तिने नाव परत लिहिलं. त्या वेळी ती ७४ च्या किती पुढे होती कोण जाणे.

माझा खरा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा आहे. पीजी आणि बॉण्डचं वर्ष संपल्यावर, मुंबईतल्या पहिल्या चार-पाच वर्षांत कोणत्या शाखेत पैसे कसे येतात आणि त्यासाठी किती तास अडकावं लागतं? कॉल (अवेळी बोलावलं की हजर राहायची पाळी) धरून. 'अमुक ब्रँचला इतके लाख' असं सगळे सांगतात, पण ते किती तासांचे हे कोणी सांगत नाही. घरी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, पुढच्या वर्षी माझं लग्न आहे, त्यामुळे रात्रींचा हिशेब मला पैशाइतकाच महत्त्वाचा आहे.

कृपया 'मनाला विचार' हा सल्ला देऊ नका. मनाला विचारून झालंय, ते झोप म्हणतंय.

गुंगी: मी अॅनेस्थेटिस्ट, बरीच वर्षं फ्रीलान्स. तुझ्या यादीत माझी शाखा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पैसे केसवर. बहुतेक नर्सिंग होममध्ये सर्जनच्या फीच्या प्रमाणात आमची फी ठरते. फायदा असा की पहिल्या दिवसापासून कमाई सुरू होते. क्लिनिकचं डिपॉझिट नाही, भाडं नाही, रिसेप्शनिस्ट नाही. बॅग, लॅरिंगोस्कोप, फोन. मुंबईत गाळ्यांचे भाव बघता ही लहान गोष्ट नाही.

आता तास. सकाळी आठची लिस्ट (ओळीने ठरलेली ऑपरेशनं) दादरला, साडेअकराची केस पार्ल्याला, संध्याकाळी बोरिवलीत हर्निया. भूल देऊन शुद्धीवर आणेपर्यंतचा वेळ मोजलास तर दिवस छोटा दिसेल. पण सर्जन ट्रॅफिकमध्ये अडकला म्हणून ओटीत बसून काढलेला तास, पेशंट गुपचूप चहा पिऊन आला म्हणून पुढे ढकललेली केस, यांचे पैसे शून्य. शिवाय छोट्या नर्सिंग होमकडून पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात, तेही आठवण केल्यावर. पितृपक्षात ठरवून करायची ऑपरेशनं जवळजवळ बंद, गणपती-दिवाळीतही तेच. सिझर मात्र पंचांग बघत नाही, म्हणजे बघतं, पण मुहूर्ताचं! तो वेगळा धागा होईल.

नोकरी धरलीस तर ठरलेला पगार आणि ठरलेले कॉल. मुलाखतीत फक्त आकडा विचारू नकोस. किती रात्रींनी एक कॉल, कॉल आवारात राहून की घरून, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, हे तीन प्रश्न विचार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर उत्तर मिळालं समज.

अंधारीखोली: बाबांना माझा नमस्कार सांग. एसी आहे, पण तो मशीनसाठी आहे.

रेडिओलॉजीत सुरुवातीचा पगार चढा असतो हे खरं. मात्र मुंबईत 'चार सेंटर फिरून कमवू' हे गणित चालत नाही. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) नियमाप्रमाणे सोनोग्राफी करणाऱ्याला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदणी करता येते. स्वतःचं सेंटर टाकायचं तर मशीनचं कर्ज आणि गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा, याच कायद्याखालचा एफ फॉर्म. त्यात एक रकाना चुकला तरी मशीन सील होऊ शकतं. मोठ्या हॉस्पिटलात रात्रीचे सीटी कोणीतरी वाचायचे असतातच. अपघात आणि स्ट्रोक दिवस बघून होत नाहीत. सोनोग्राफी करून खांदा धरलेले माझे निम्मे मित्र आहेत.

एक वर्ष थांबणं म्हणजे कन्सल्टंट म्हणून कमावण्याचं एक वर्ष कमी, हेही त्यांना सांग. बाकी शाखा छान आहे, मी तक्रार करत नाहीये.

पावसाळीओपीडी: मी डॉक्टर नाही, बायको बालरोगतज्ज्ञ. घरातून दिसतं ते लिहितो.

संध्याकाळी सहा ते दहा क्लिनिक. जून ते सप्टेंबर 'दहा' या शब्दावर विश्वास ठेवू नये. क्लिनिक बंद झाल्यावर फोन सुरू: 'डॉक्टर, ताप १०१ आहे, पॅरासिटामॉल देऊन वीस मिनिटं झाली, अजून उतरला नाही.' हे फोन कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत आणि त्यांचे पैसे मागायला ती धजावत नाही. सिझरला बाळ घ्यायला जाण्याचे वेगळे मिळतात, सुरुवातीला घर त्यावरच चाललं. पहिली काही वर्षं क्लिनिकचं भाडं माझ्या पगारातून जायचं. नंतर लसीकरणामुळे नियमित पेशंट जमले आणि आता कुठे बरं चाललंय. पण ते पेशंट तिचे स्वतःचे आहेत. कुठल्या सर्जनच्या मर्जीवर नाही.

अमेरिकेची यादी बाजूला ठेवा. तिथे पैसा विमा कंपनीच्या दरपत्रकातून येतो आणि त्यात हाताने केलेल्या प्रोसिजरला भाव जास्त. इथे क्लिनिकमध्ये लोक खिशातून देतात. बोलून-तपासून बरं करणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला जास्त मिळतं, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

टाकाऊ_टॉर्च: ऑफथॅल्मॉलॉजी कशी नाही यादीत? मोतीबिंदू रात्री दोन वाजता कोणी काढत नाही.

हिशेबनीस: सीए आहे, बरेच डॉक्टर अशील आहेत. ऑफर लेटर हातात आलं की आधी बघ, ते पगाराचं आहे की प्रोफेशनल फीचं. खाजगी हॉस्पिटलात बहुधा 'मिनिमम गॅरंटी' असते. म्हणजे टीडीएस १० टक्के कापून फी, पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. बाळंतपणाची रजा हा तुझ्यासाठी थेट पैशाचा मुद्दा आहे, ऑफर घेतानाच लिहून घे. दुसरीकडे फी असेल तर अनुमानित कराची सोय मिळते: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. इंडेम्निटीचा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीच्या विम्याचा) हप्ता सर्जन, गायनॅक, अॅनेस्थेटिस्ट यांना फिजिशियनपेक्षा जास्त पडतो, तोही कमाईतून वजा धर.

तासांचं म्हणशील तर प्रवास आणि ताटकळणं पूर्ण धर, घरून कॉलवर असलेली रात्र निम्मी धर. समजा एकीकडे महिना २ लाख आणि आठवड्याला ४८ तास, दुसरीकडे ३ लाख पण ८० तास. तासाला पहिल्यात साधारण ९६० रुपये पडतात, दुसऱ्यात ८६५. 'एक लाख जास्त' म्हणून उडी मारणारे मी दर वर्षी बघतो.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस यांचं गणित बाबांना कागदावर मांडून दाखवलं. ते 'हं' म्हणाले. आमच्या घरात ही मोठी प्रगती आहे. ऑफथॅल्मॉलॉजी मुंबईत माझ्या रँकला काठावर आहे, वरच्या क्रमांकावर टाकून ठेवते.

सर्जरी आणि मुंबईबाहेरचं मेडिसिन मी यादीतून काढलं. गायनॅकही काढतेय, मावशीला अजून सांगितलेलं नाही. अॅनेस्थेशिया आणि पेडिअॅट्रिक्स उरलेत. गुंगीताई, एक विचारू का? रात्री दोनच्या सिझरला एकटीने जायचं कसं जमवलंत? आणि मुलं लहान असताना?

गुंगी: पहिली काही वर्षं सगळीकडे जायचे, रिक्षा मिळेल तशी. मग नियम केला: रात्री फक्त गाडीने वीस मिनिटांच्या आतलीच नर्सिंग होम, बाकीच्यांना दिवसाचं काम. दोन सर्जन तुटले, बाकीचे राहिले. मुलगी झाल्यावर रात्री पूर्ण बंद केल्या आणि आयव्हीएफ, डोळ्यांचं डे केअर, एंडोस्कोपी एवढंच घेतलं. कमाई घटली, पण सातला घरी. मुलगी दहावीला गेल्यावर रात्री परत सुरू केल्या. आमच्या शाखेत हा नळ कमी-जास्त करता येतो, पेडिअॅट्रिक्समध्ये क्लिनिक एकदा उघडलं की ते अवघड.

चॉइस लॉक करायच्या आधी एक दिवस माझ्या लिस्टला ये. डोळ्यांनी बघ, विशेषतः बसून राहण्याचा भाग. सर्जनची परवानगी मी घेते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पावणेआठला पोच, आणि नाश्ता घरूनच करून ये.