कामाचं गाणं कोणी निवडत असते का?

पराटीवाला (कपाशीवाला): परवा एकानं लिहिलं का प्रत्येकानं आपलं एक थीम साँग ठरवावं, उठतानी एक, कामावर जातानी एक, त्यानं अंगात जोर येते म्हणे. डोकं तापलं म्हणून लिहून राह्यलो. अरे बाप्पा, निंदणाले आठ बाया बसल्या का एक जण गाणं उचलते, बाकीच्या मागून घेतात आन् सगळ्याईचे तास, म्हणजे पिकाच्या ओळी, संगच सरकतात, ते गाणं कामानं निवडलेलं असते. आता आठ जणींच्या कानात आठ गाणे. एक बांधाले लागली, दुसरी अर्ध्यातच. मागच्या श्रावणात एकीच्या पायाजवळून नाग गेला, आम्ही बोंबलून राह्यलो, तिले पत्ताच नाई.

वेचणीवाली: भाऊ, तुम्ही बांधावरून ऐकलं, मी तासात बसून गायलं. गाणं कोणतं ते मोठ्या बाया ठरवत, नव्या सुनेनं फक्त मागं ओढायचं. माही सासू जात्यावर गाये त्यात माहेरासाठीचं रडणंच जास्त होतं, हौस नोती ते. कापसाची वेचणी किलोवर असते, चार वाजता पाठ मोडते, तवा माह्या कानात माहं गाणं वाजते. माह्या जिंदगीत माह्या मर्जीचं तेवढंच हाय. ते कायले काढून घेता?

ओलीतवाला: मी रातच्या विजेच्या लाईनीवर ओलीत करतो, मोटरीपाशी एकटा. गाणं नसलं त झोप लागते. आन् डुकरं बी पळतात. म्हणजे पळत होते. हरभऱ्यात एकच गाणं रोज लावलं, चार रात्री आले नाई, पाचव्या रात्री स्पीकरच्या बाजूनंच दोन सऱ्या साफ.

पराटीवाला: पाहा, डुकराले बी तेच ते गाणं चालत नाई.

कोरडवाहू: डुकराचं निघालंच त सांगतो. माही अर्धा एकर तूर गेली, अर्ज देल्ला, फोटो देल्ले, पंचनाम्याले माणूस आला तवा पीक निघून गेल्तं. इथं गाण्यावर भांडून राह्यले, त्याच्यावर कोणी लिहीन का?

ओलीतवाला: बांधाभोवती जुन्या साड्या बांधा.

कोरडवाहू: बांधल्या. फाडून आत घुसले. कुंपणाचं झटका मशीन घेतलं त बॅटरीच चोरीले गेली. तुमचं दोन सऱ्याचं दुःख मले सांगू नका.

झाडीतला: तुमचं डुकरावरच भागते, आमच्या चंद्रपुराकडं वाघ हाय. मोहफुलं वेचाले पहाटे जातो त जोरानं बोलत, गात जातो, म्हणजे त्याले समजावं का माणसं येऊन राह्यले. खाली वाकलेला माणूस त्याले जनावरच वाटते. तिथं कानात गाण्याचे बोंडं घालून जाणाऱ्या पोट्ट्याले मी स्वतः रस्त्यातून वापस पाठवलं. जंगलात गाणं तोंडात पाहिजे, कानात नाई.

शाळामास्तर: पण आपलं एक गाणं असण्यात वाईट काय? गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्या अमरावती जिल्ह्यातले. ‘गोपाला गोपाला’ म्हटलं का आजही त्याईचंच नाव येते. थीम साँग आणखी काय असते?

पराटीवाला: मास्तर, बाबा दिवसा गाव झाडत आन् रात्री कीर्तन करत. कीर्तनात सगळा गाव मागून म्हणे. एकट्याच्या कानातलं होतं का ते? तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना घ्या, नावातच सामुदायिक हाय.

वेचणीवाली: गावानं मागून म्हटलं, पण उचललं त एकानंच ना? बाबांनी आपलं गाणं स्वतःच निवडलं. बाईनं निवडलं का तुमाले नाग दिसते.

झाडीतला: ताईचं हे खरं हाय. कान मोकळा पाहिजे, माहं म्हणणं तेवढंच.

पराटीवाला: नाग खरंच होता, त्याच्यावर मी हटत नाई. पण नव्या सुनेनं मागं ओढायचं, हे मी इतक्या सालात कधी मनातच आणलं नोतं. तेवढं तुमचं मानलं. बाकी नाई.

कोरडवाहू: आन् माह्या तुरीचं?

वेचणीवाली: पराटीवाले भाऊ, सोमवारी तुमच्याच वावरात वेचणी हाय. एक कान मोकळा ठेवून येतो. गाणं माहंच राहीन.

पराटीवाला: या. आवाज देल्ला त ओ द्या फक्त.