जँगो: मॉडेलच्या फील्डची टेस्ट लिहायची म्हणजे नक्की काय तपासायचं?

संकलन_केंद्र
नमस्कार मंडळी. गावच्या दूध संस्थेसाठी जँगोमध्ये (पायथनची वेब फ्रेमवर्क) ॲप करतोय. डेटाबेस लॅपटॉपवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रेस. मुख्य मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याची व्याख्या) ‘दूधनोंद’: सभासद, तारीख, पाळी (सकाळ/संध्याकाळ), लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक). सभासद, तारीख आणि पाळी मिळून युनिक ठेवलंय. टेस्ट लिहिल्यात त्या अशा: सभासदाच्या नावाची मॅक्स_लेंग्थ 60 आहे ना, फॅटचे डेसिमल_प्लेसेस 1 आहेत ना. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आमचे सीनियर म्हणतात, ही टेस्ट नव्हे, मॉडेलची झेरॉक्स आहे.

बरं, मग खऱ्या घोळाची टेस्ट लिहायला घेतली. संस्थेत सर्रास 3.5 च्या जागी 35 टाइप होतं. फॅटला 15 चा मॅक्सव्हॅल्यूव्हॅलिडेटर (कमाल किमतीची तपासणी) लावलाय, पण टेस्टमध्ये क्रिएट() ला 35 दिलं तरी निमूट सेव्ह होतंय. व्हॅलिडेटर चालतच नाही का?

खडूस_टेस्टर
सीनियर बरोबर बोलतायत. मॅक्स_लेंग्थ 60 आहे हे मॉडेलमध्ये लिहिलंयच, तेच टेस्टमध्ये पुन्हा लिहून उद्या 80 करताना दोन ठिकाणी बदलावं लागेल, एवढंच.

आता 35 चं. सेव्ह() आपणहून फुल_क्लीन() (फील्डच्या सगळ्या तपासण्या चालवणारी मेथड) बोलावत नाही आणि क्रिएट() शेवटी सेव्ह()च करतं. व्हॅलिडेटर चालतात ते मॉडेलफॉर्ममधून किंवा तुम्ही स्वतः फुल_क्लीन() बोलावलं तर. मॅक्स_डिजिट्स (एकूण अंक) 3 असेल तर 35.0 त्यातही आरामात बसतं, त्यामुळे डेटाबेसही तक्रार करत नाही.

टेस्ट लिहिताना आधी एक पूर्ण बरोबर नोंद बनवा (गाय, 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ) आणि ती फुल_क्लीन() मधून बिनतक्रार जाते हे बघा. मग फक्त फॅट 35 करा. नुसतं व्हॅलिडेशनएरर आला यावर खूश होऊ नका, त्याच्या मेसेज_डिक्टमध्ये (कोणत्या फील्डला कोणता एरर याची यादी) ‘फॅट’ ही की आहे का ते तपासा. नाहीतर तारीख द्यायची राहिली म्हणून एरर येतो, टेस्ट हिरवी होते आणि फॅट कोणी तपासलेलंच नसतं. असल्या टेस्ट मी रिव्ह्यूत ढिगाने परत पाठवतो.

आणि मशीनचं रीडिंग थेट बल्क_क्रिएट() ने (एकदम अनेक नोंदी घालणारं) येणार असेल तर तिथे फॉर्म नाही, तुमचं सेव्ह()सुद्धा नाही. तिथे चेककन्स्ट्रेंटच हवा, म्हणजे खुद्द डेटाबेसमधली अट (जँगो 2.2 पासून आहे). त्याची टेस्ट वेगळी, इंटेग्रिटीएररची (अट मोडली की डेटाबेसकडून येणारा एरर).

एक शंका: एकाच घरची गाय आणि म्हैस, सकाळी दोन किटल्या येतात. तुमच्या युनिकमध्ये दुसरी किटली अडकेल. दोन्ही नोंदी झाल्याच पाहिजेत अशी टेस्ट आधी लिहा, मग जनावराचा प्रकार त्यात घाला.

पोस्टग्रेसप्रेमी
टेस्टसुद्धा पोस्टग्रेसवरच चालवा. एसक्यूलाइट व्हारकारची (मजकुराच्या कॉलमची) लांबी पाळतच नाही. 61 अक्षरी नाव लॅपटॉपवर गुपचूप आत जाईल आणि सर्व्हरवर डेटाएरर देईल. शिवाय लांबी युनिकोडच्या कोडपॉइंटमध्ये मोजली जाते, म्हणजे काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं, डेटाबेसला दहा. मोठी मराठी नावं टेस्टमध्ये घ्याच.

गावाचं नाव युनिक असेल तर ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टाइप करून बघा: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला सारखंच, पण एक सहा कोडपॉइंटचं, दुसरं सातचं, म्हणून युनिक दोन्ही घेतो. एनएफसी नॉर्मलायझेशननेही (युनिकोडची रूपं एकसारखी करण्याची पद्धत) ही दोन एक होत नाहीत, क्लीन() मध्ये स्वतःच बदलून घ्यावं लागतं.

संकलन_केंद्र
किटल्यांचं खरंच लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. चेककन्स्ट्रेंट लावला, इंटेग्रिटीएरर येतोय. पण त्याच टेस्टमध्ये पुढे काउंट() केलं की ट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटएरर. आणि ‘3.5’ देऊन केलेली नोंद डेसिमल 3.5 शी जुळत नाही म्हणतंय.

खडूस_टेस्टर
जँगोचा टेस्टकेस क्लास प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही असा डेटाबेसचा गट) गुंडाळतो, एरर आला की ते ट्रान्झॅक्शन नासतं. असर्टरेझेसच्या (एरर आलाच पाहिजे असं तपासणारा ब्लॉक) आत ट्रान्झॅक्शन.अटॉमिक() चा ब्लॉक टाका, म्हणजे तेवढंच रोलबॅक होईल, मागे घेतलं जाईल. क्रम उलटा करू नका, अटॉमिक आतच हवा.

दुसरं सोपं आहे. तुम्ही स्ट्रिंग दिलीत, ऑब्जेक्टवर ती स्ट्रिंगच राहते. तुलनेआधी रिफ्रेश_फ्रॉम_डीबी() करा, म्हणजे डेटाबेसमधून किंमत पुन्हा वाचली जाईल.