'लॉट होल्डवर ठेवा' ही सूचना मराठीत कशी लिहावी?

प्रश्न : भोसरीतील वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग पाहतो. मागील महिन्यात पाळीच्या नोंदवहीत मी 'लॉट होल्डवर ठेवा' एवढेच लिहिले. आमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की लाल टॅग लावून माल वेगळा काढायचा आणि निर्णय होईपर्यंत जागचा हलवायचा नाही. नव्याने रुजू झालेल्या शिकाऊ मुलाने मात्र तो पाळी संपेपर्यंत थांबवला आणि नंतर पुढे पाठवून दिला. बोलणी त्याला बसली, पण चूक माझी होती असे मला वाटते. अशा शब्दांना मराठी प्रतिशब्द द्यावेत काय?

उत्तर 1 : केवळ प्रतिशब्दाने काम भागणार नाही. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. 'गाव नमुना 7' आणि 'गाव नमुना 12' हे निव्वळ आकडे. तरीही 'सातबारा' शेतकऱ्याच्या तोंडी बसला, कारण त्याची जमीन त्या कागदावर होती. उलट 'अनुज्ञेय' असे शुद्ध मराठीत लिहिलेले पत्र घेऊन आलेला माणूस, 'म्हणजे पैसे मिळणार का?' असेच विचारत असे.

उत्तर 2 : सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. तरी शिवाजीनगरच्या न्यायालयात आजही फिर्याद, जामीन आणि तारीख हेच शब्द चालतात. अर्थात, म्हणून प्रयत्न सोडावा असे नाही.

उत्तर 3 : काही शब्द बदलूच नयेत. रिवर्क केलेला भाग ड्रॉइंगमधील मापात बसतो. रिपेअर केलेला वापरता येतो, पण मापात बसेलच असे नाही. दोन्हींना 'दुरुस्ती' म्हटले, तर हा फरकच पुसला जाईल आणि ऑडिटमध्ये तुम्ही अडचणीत याल. 'होल्ड' हा शब्द राहू द्या, मात्र त्याखाली कृती लिहा : 'लाल टॅग लावा. गुणवत्ता विभागाच्या सहीशिवाय माल हलवू नका.'

प्रश्नकर्ता : आभारी आहे. कालपासून तसेच लिहितो आहे. रिवर्कबद्दल विचारणा केली, तेव्हा कळले की आमच्या दोन पाळ्यांत त्याचे दोन वेगळे अर्थ घेतले जातात, आणि त्यांतला एक मीच शिकवलेला आहे.