[मंडळ-गप्पा] हॅरिसनची सहल: नावं चौदाच का?

मंदार (क्रीडा समिती), शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

सर्वांना नमस्कार,

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत सॉकरची सहल ठेवायची की नाही, एवढंच विचारायचंय. पण आधी थोडे आकडे.

मार्च २०२४ मध्ये मंडळाची ६२ माणसं न्यू जर्सीतल्या हॅरिसनला, आपल्या इथल्या रेड बुल्स टीमची मॅच बघायला गेली होती. समोर इंटर मायामी होती. या सप्टेंबरात तेच स्टेडियम, तोच स्टँड, ग्रुपचा दर, सगळं तसंच ठेवून मी मेल टाकला. नावं आली चौदा, त्यातली तीन माझ्याच घरातली. किमान वीसची अट होती, बेत रद्द केला.

आधी वाटलं, मेल टाकायची वेळ चुकली असेल. मग बघितलं तर सगळ्या लीगचीच ही गत आहे. एमएलएसची, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरची, दर मॅचच्या प्रेक्षकांची सरासरी २०२४ मध्ये २३,२३४ होती, आजवरची सर्वांत मोठी. यंदा ती २२ हजारांवर आली, म्हणजे साधारण पाच टक्के घट. एकूण तिकिटं १ कोटी १४ लाखांवरून १ कोटी १२ लाखांवर. फरक फारसा वाटत नाही ना? पण यंदा सॅन दिएगो ही तिसावी टीम आली, ३५ हजारांचं स्टेडियम घेऊन. जुन्या २९ जणांची भोकं या नव्या ठिगळाने झाकली आहेत.

माझा अंदाज सरळ आहे: मेस्सी. गेल्या वर्षी कॅन्सस सिटीने त्याच्या मायामीविरुद्धची मॅच आपल्या साडेअठरा हजारांच्या मैदानातून उचलून ॲरोहेड या मोठ्या स्टेडियमला नेली, ७२,६१० लोक आले. अशा मॅचेसनी सरासरी फुगली, आता नवलाई संपली. तुमचं काय म्हणणं?

मंदार

अमृता, २२ नोव्हेंबर

मंदार, आमच्या घरचं उत्तर फ्रिजवर लावलंय. दोन्ही मुलं ट्रॅव्हल सॉकरमध्ये. शनिवारी सकाळी एकाची मॅच एका गावाला, दुपारी दुसरीची दुसऱ्या गावाला. चिखलाचे बूट गाडीच्या डिकीत टाकून साडेपाचला घरी आलं की कोणी म्हणतं, चला, साडेसातची मॅच आहे. सॉकरपायी आम्हाला सॉकर बघायला जाता येत नाही!

आणि साडेसातच का? २०२३ पासून सगळ्या मॅचेस ॲपल टीव्हीकडे गेल्या, दहा वर्षांचा अडीच अब्ज डॉलरचा करार, तेव्हापासून बहुतेक मॅचेस शनिवारी रात्री, त्या त्या गावच्या साडेसातला. पडद्यावर छान शिस्त दिसत असेल, पण आठ वर्षांचं पोर साडेनऊला स्टेडियमातून निघून घरी झोपणार कधी? बरं, घरी बघावं तर महिन्याला १४.९९ डॉलरचा वेगळा पास. पूर्वी चॅनल बदलता बदलता एखादी मॅच सापडायची, मुलं रेंगाळायची. तशी सापडणंच बंद झालं. आता पुढच्या वर्षापासून तो वेगळा पास काढून टाकतायत म्हणे. तीन वर्षांनी सुचलं.

शिवाय यंदा उन्हाळ्यात क्लब वर्ल्ड कपच्या मॅचेस आपल्या इथल्या मेटलाइफ स्टेडियमला होत्या. घरातलं सॉकरचं जे काही बजेट होतं, ते जुलैतच संपलं. आमच्यासारखी किती घरं असतील!

रोहिणी, रविवार, २३ नोव्हेंबर

> माझा अंदाज सरळ आहे: मेस्सी.

मंदार, अंदाज सरळ आहे, गणित नाही. माजी खजिनदार म्हणून राहवत नाही.

ॲरोहेडला नेहमीपेक्षा ५४ हजार लोक जास्त आले. २०२४ मध्ये लीगच्या मॅचेस होत्या ४९३. भागाकार कर: सरासरीत भर पडली ११० माणसांची. घट आहे बाराशेच्या वर. आणि तशी गर्दी यंदाही झालीच. एप्रिलमध्ये मायामी आली म्हणून शिकागोत सोल्जर फील्डवर ६२,३५८ लोक होते, आणि कोलंबसने मॅच क्लीव्हलंडला नेली तिथे ६०,६१४. पाहुणे दोन्ही वर्षी होते. कमी झाले ते घरचे.

दुसरी गोष्ट. हे आकडे माणसांचे नाहीतच. लीग जाहीर करते ती वाटलेली तिकिटं. विकलेली, भेट दिलेली, सीझन तिकिटातली, सगळी. गेटवर किती स्कॅन झाली तो हिशेब वेगळा, आणि तो लीग जाहीर करत नाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको. गणपतीला मी खजिनदार होते त्या वर्षी जेवणाची कूपनं गेली ४१०. वार्षिक अहवालात आपण छापलं, ‘४१० सभासदांनी प्रसादाचा लाभ घेतला’. पानं उठली ३३५. उरलेला मसालेभात तीन दिवस कोणाकोणाच्या फ्रीजरमध्ये होता, ते मी अजून नावानिशी सांगू शकते.

त्यामुळे २२ हजार हा लीगचा अहवाल. पानं किती उठली, ते टीव्हीवर समोरचा स्टँड दिसतो त्यावरून आपापलं ताडावं.

रोहिणी

(एक सभासद), २३ नोव्हेंबर

कृपया मला या यादीतून काढावे.

वसंतकाका, २३ नोव्हेंबर

मंदार, रोहिणी, पोरांनो,

तुम्ही एका वर्षाच्या घसरणीवर एवढा काथ्याकूट करताय. मी खरी घसरण बघितली आहे.

२० एप्रिल १९९६. जायंट्स स्टेडियम, आपल्या टीमची घरच्या मैदानावरची पहिली मॅच. तेव्हा तिचं नाव मेट्रोस्टार्स. ४६,८२६ लोक. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानात वर्ल्ड कप झाला होता, त्याची झिंग अजून उतरली नव्हती. शून्य-शून्य चाललेलं, अगदी शेवटचे काही सेकंद उरलेले, आणि युव्हेंटसकडून खेळलेला आपला इटालियन बचावपटू निकोला कारिकोला याने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला. एवढे हजारो लोक एकदम गप्प झालेले मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकले नाहीत. पुढे वर्षानुवर्षं काही बिनसलं की लोक ‘कारिकोलाचा शाप’ म्हणायचे.

पहिल्या वर्षी लीगची सरासरी १७,४०६ होती. २००० साली ती १३,७५६ वर आली. जायंट्स स्टेडियम पाऊण लाखाचं. त्यात दहा-बारा हजार माणसं बसली की लग्नाच्या हॉलमध्ये साखरपुडा केल्यासारखं दिसतं. गोलकीपर बचावपटूंवर ओरडतो ते आम्हाला स्टँडमध्ये ऐकू यायचं. जानेवारी २००२ मध्ये टॅम्पा बे आणि मायामी फ्यूजन या दोन टीम बंद केल्या, राहिल्या दहा. त्या दहांतल्या बहुतेक फिलिप अँशुट्झ नावाच्या एकाच धनिकाच्या खिशावर चालत होत्या. त्याने हात आखडता घेतला असता तर आज हा मेलच आला नसता.

त्याहीआधी जी लीग होती, एनएएसएल, तिचं तर विचारूच नका. ऑगस्ट १९७७ मध्ये पेलेच्या कॉसमॉसला याच जायंट्स स्टेडियममध्ये ७७,६९१ लोक. १९८४ नंतर लीगच नाही! पेले गेला, त्याच्यामागे आलेली माणसं गेली.

२०१० साली हॅरिसनला २५ हजारांचं, खास सॉकरसाठीचं स्टेडियम झालं तेव्हा मला खुर्चीत बसल्यावर गवताचा वास आला. तेव्हापासून मी समाधानी आहे. आता २०२७ पासून सीझन जुलैत सुरू करून पुढच्या मे महिन्यात संपवणार म्हणे, युरोपसारखा. मधे थंडीची सुट्टी आहे, पण डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री तिथल्या ॲल्युमिनियमच्या रेलिंगला हात लावून बघा आणि मग युरोपच्या गोष्टी करा.

वसंतकाका

संग्राम, सोमवार, २४ नोव्हेंबर

काकांचा मेल वाचून लई बरं वाटलं. मी या यादीवर सहसा लिहीत नाही, पण फुटबॉलचा विषय निघाला आणि कोल्हापूरकर गप्प बसला असं होत नाही.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पीटीएम विरुद्ध दिलबहार असली मॅच असली की विचारायचं काम नाही. पीटीएम म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ. टीमची नावंच तालमींची. तिकीट सुट्ट्या पैशात यायचं. तिथं कुणी कधी विचारलेलं नाही की समोर स्टार कोण आहे. विचारतात ते एवढंच, तू कुठल्या पेठेचा? माझे काका चाळीस वर्षं एकाच पायरीवर बसले. खेळ टुकार झाला तर सगळ्यांत जास्त शिव्या आपल्याच टीमला, आणि पुढच्या मॅचला पुन्हा त्याच पायरीवर. परदेशी खेळाडू आमच्याकडंही येऊन गेले, नायजेरियाचे वगैरे. ते आले म्हणून कुणी पहिल्यांदा आलं नाही, गेले म्हणून कुणी थांबलं नाही.

आता इथलं सांगतो. मी राहतो कार्नीला, हॅरिसनच्या लगत. तुम्हाला वाटतं, अमेरिकेत कुठली आलीय पेठ. आहे की! दोऱ्याच्या गिरणीत कामाला स्कॉटलंडहून लोक आले, ते फुटबॉल घेऊन आले. क्लार्क गिरणीची टीम ओएनटी, तिनं १८८५ मध्ये पहिला अमेरिकन कप जिंकला. १९९० आणि १९९४ च्या वर्ल्ड कपात अमेरिकेकडून खेळलेले टोनी मिओला, जॉन हार्क्स, टॅब रामोस, तिघंही या गल्ल्यांत खेळून मोठे झालेले. नदीपलीकडं नेवार्कचा आयर्नबाउंड, पोर्तुगीज आणि ब्राझिलियन वस्ती, मॅचच्या दिवशी पूल ओलांडून चालत येतात. साउथ वॉर्डमध्ये, म्हणजे कट्टर समर्थकांच्या स्टँडमध्ये, ढोल वाजवणारे आहेत ना, त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण तोंडं पाठ आहेत. यंदा रेड बुल्स प्लेऑफला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांना, गेले नाहीत. त्याआधी सलग पंधरा वर्षं गेले होते! तरी ती तोंडं तिथंच होती.

आणि एक विचारतो, राग मानू नका. डिसेंबर २०२४ मध्ये हीच टीम फायनलला गेली, लॉस एंजेलिसला २-१ अशी हरली. आपल्या जिल्ह्याची टीम देशाच्या फायनलला! मी त्या आठवड्यातले मंडळाचे मेल शोधले. तिळगुळाच्या ऑर्डरी आहेत, नाटकाचे पास आहेत. फायनलबद्दल एकही मेल नाही.

अमृता, २४ नोव्हेंबर

संग्राम, तिळगुळाचा मेल माझाच होता. आपली टीम फायनलला होती हे मला तुमच्या मेलमुळे आज कळलं.

मंदार, मंगळवार, २५ नोव्हेंबर

रोहिणीताई, गणित मान्य. मसालेभातातला एक डबा माझ्याकडे होता, तेही मान्य.

संग्रामदादांचा मेल वाचल्यापासून मला २०२४ ची ती सहलच आठवतेय. २३ मार्च, दिवसभर नुसता धो-धो पाऊस. मेट्रोपार्कहून ट्रेनने नेवार्क, तिथून पाथ या लोकल गाडीने एक स्टेशन. ६२ पैकी निम्म्या मुलांच्या अंगात मायामीचे गुलाबी जर्सी, वर रेनकोट. आणि मेस्सी दुखापतीमुळे आलाच नाही. माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, टीमची यादी मोठ्या पडद्यावर आली तेव्हा रडायला लागला. अर्धी मंडळी हाफटाइमलाच ट्रेनचं वेळापत्रक बघत होती.

रेड बुल्सनी ती मॅच ४-० जिंकली. लुइस मॉर्गनने हॅटट्रिक केली. तिसऱ्या गोलला माझ्या शेजारचा एक गृहस्थ, पोर्तुगीजमध्ये काहीतरी ओरडत, माझ्या मुलाला उचलून नाचला. गुलाबी जर्सीसकट! मुलगा भेदरला आणि मग हसत सुटला. परत येताना ट्रेनमध्ये आमचे ६१ जण ‘पैसे फुकट गेले’ म्हणत होते आणि तो एकटा मॉर्गनचं स्पेलिंग विचारत होता. सप्टेंबरच्या चौदा नावांत पहिलं नाव त्याचं होतं, हे मी आधी लिहायला हवं होतं.

तर, समितीशी बोलून ठरवलंय. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपसाठी लीग २५ मे ते १६ जुलै बंद आहे. फायनल मेटलाइफला, तिकिटांचे भाव बघून मी तो टॅब बंद केला. आपण ऑगस्टमध्ये जाऊ. अमृता, शनिवारच येईल, पण मुलांचा सीझन तेव्हा सुरू झालेला नसेल. वीस तिकिटं मंडळाच्या नावावर घेतो, उरली तर मी आणि संग्रामदादा वाटून घेऊ. जागा साउथ वॉर्डच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ढोल ऐकू येतील पण पूर्ण वेळ उभं राहावं लागणार नाही. पिशव्या पारदर्शक लागतात, थालीपीठं घरीच खाऊन या.

समोरची टीम कोणती, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नावं याच मेलला उत्तर देऊन कळवा.

मंदार

वसंतकाका, २५ नोव्हेंबर

माझं आणि सौ.चं नाव घाल. कडेची सीट दे, गुडघे.

(एक सभासद), २५ नोव्हेंबर

आमचे चार. पण समोर कोण आहे ते कळलं तर बरं होईल.