प्रति: वेगळी कमांड हवीच कशाला?

काहींचं म्हणणं असं की लष्कराचे पॅरा, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड हे खास कमांडो आपापलं काम चोख करतात, मग तिघांची मिळून वेगळी कमांड कशाला? शौर्याबद्दल वादच नाही. प्रश्न तिघांनी एकत्र उतरायची वेळ आली तर काय, हा आहे.

अमेरिकेला हे १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात कळलं. तिथल्या अमेरिकी ओलिसांना सोडवायला गेलेली तुकडी लष्कराची, हेलिकॉप्टरं नौदलाची, ती उडवणारे बहुतेक मरीन (अमेरिकेचं वेगळं सागरी सैन्यदल), वाहतुकीची विमानं हवाई दलाची. हेलिकॉप्टरं किमान सहा लागणार होती, धड राहिली पाच. मोहीम रद्द झाली आणि परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. तरीही संयुक्त कमांड उभी राहायला १९८७ उजाडलं, तीही काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून लादली म्हणून. सेनादलांचा विरोधच होता. त्या कायद्यातली खरी मेख म्हणजे कमांडला मिळालेला स्वतंत्र निधी. खास सामग्रीसाठी कुठल्याही दलापुढे हात पसरायला नको.

आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षेबाबतच्या नरेश चंद्र समितीने २०१२ मध्ये अशीच कमांड सुचवली होती. २०१९ मध्ये मिळाला तो कमांडऐवजी नुसता विभाग (तिन्ही दलांच्या कमांडोंचा), मेजर जनरलच्या हाताखाली, तिन्ही दलांत समन्वय साधणाऱ्या एकात्मिक संरक्षण मुख्यालयाला जोडलेला. एनएसजी हे दहशतवादविरोधी कमांडो दल तर गृहखात्याकडेच. माझ्या मते नावात कमांड असो वा विभाग, स्वतःची हेलिकॉप्टरं आणि पैसा नसेल तर प्रत्येक मोहिमेआधी उसनवारी चुकणार नाही.