आवाजाची आकृती: वाळू, मीठ आणि पावडर

आवाज चित्रात कसा दाखवावा या चर्चेत एका सदस्याने लिहिले आहे की, ध्वनितरंगाचा आलेख छापला की आवाजाचे चित्र तयार झाले. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण त्या आलेखात आवाज केव्हा वाढला आणि केव्हा ओसरला एवढेच नजरेत भरते; कंप पावणारी वस्तू नेमकी कशी हलली, हे त्यात दिसत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाड्नी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला होता. थरथरणाऱ्या भागांवरून उडालेली वाळू स्थिर रेषांवर जाऊन बसली आणि नक्षी उमटली. पुढे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही आपल्या चर्मवाद्यांचा अभ्यास करताना वाद्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या चामड्यावर, वाळू टाकून अशाच आकृत्या मिळवल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी स्वतः पातेल्यात लहान स्पीकर ठेवून पातेल्याच्या तोंडावर फुग्याचे रबर घट्ट ताणले आणि त्यावर बारीक मीठ भुरभुरले. सूर हळूहळू चढवत नेल्यावर आकृती बराच वेळ विस्कळीत राहते आणि एका विशिष्ट स्वराला क्षणात जुळून येते. अंगाला लावायची पावडर मात्र मिठाच्या उलट वागते: ती कंप सर्वाधिक असलेल्या जागी ढीग करते, कारण तिथल्या हवेचे सूक्ष्म प्रवाह तिला ओढून नेतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३१ सालीच दाखवले होते. म्हणून रंगीत मीठ आणि पांढरी पावडर एकत्र वापरून पाहावी.